सत्तेचाळिसावी टिक

आमच्या नोंदणी कार्यालयातली एफ टेन ही कळ एका मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी काम करेनाशी झाली. ही घटना कोणाच्याही हलगर्जीपणामुळे घडलेली नाही, हे मी आरंभीच नमूद करतो. गेल्या चौतीस वर्षांत या कार्यालयात जे जे बिघडलं, ते कोणाच्याही हलगर्जीपणामुळे बिघडलेलं नाही. तशी प्रत्येक वेळी चौकशी झालेली आहे आणि तिचे अहवाल माझ्याच कपाटात आहेत.

मी खिडकी क्रमांक तीनचा वरिष्ठ लिपिक. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. जन्म, विवाह आणि मृत्यू या घटना घडतात बाहेर, पण खऱ्या होतात माझ्या खिडकीत. मूल जन्माला आलं हे त्याच्या आईला कितीही खात्रीने माहीत असलं, तरी तिच्या माहितीला नोंदणी क्रमांक नसतो. तो मी देतो. ही गोष्ट घडली तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. ते चार महिने कृपया लक्षात ठेवावेत.

आमचा नोंदणीचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माऊसला तो विचारत नाही, सगळं काम कळांवर चालतं. एफ टू दाबलं की नवी नोंद उघडते. एफ नाइन दाबलं की दाखला छापून निघतो. एस्केप दाबलं की उघडलेली नोंद रद्द होते. आणि एफ टेन दाबलं की नोंद कायम होते. वीस वर्षं या शहरातली माणसं एफ टेनने जगात आली आणि एफ टेननेच गेली, कोणाची कधी तक्रार नव्हती.

मग जुनी यंत्रं गेली आणि नवी आली. त्यांच्यात लिनक्स नावाची प्रणाली होती आणि आमचा प्रोग्रॅम तिच्यातल्या टर्मिनल नावाच्या एका विंडोत बसवलेला होता. साहेबांनी फीत कापली. एफ इलेव्हन दाबल्यावर विंडो पडदाभर मोठी होते हे पाहून साहेब म्हणाले, "केवढी ही सुधारणा!" एफ टेन त्या दिवशी कोणी दाबलं नाही, कारण त्या दिवशी समारंभ होता, काम नव्हतं.

मंगळवारी रांगेत पहिले होते घड्याळजी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, दुकान कसलं, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढी फट. डोळ्याला लावायचं भिंग ते गळ्यात दोरीने अडकवूनच फिरतात. ते नातीचा जन्म नोंदवायला आले होते. नात अकरा दिवसांची होती. मी आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, वेळ, सगळं नीट भरलं आणि एफ टेन दाबलं.

विंडोच्या वरच्या कडेला एक यादी खाली लोंबली. फाइल, एडिट, व्ह्यू आणि असंच काहीबाही. नोंद जिथल्या तिथे. मी पुन्हा दाबलं, यादी गेली. पुन्हा दाबलं, यादी आली. असं मी अकरा वेळा केलं.

"भाऊसाहेब, झालं का?" घड्याळजींनी विचारलं.

"झालं असतं. कळ घेत नाही. उद्या या."

"उद्या येईन, त्याचं काही नाही. पण फार लांबवू नका. पोरीच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर तिला दिसेल. त्यानंतर डोळा कितीही साफ केला तरी मेंदू बघायला शिकत नाही म्हणे. आणि दवाखान्याच्या यादीत नाव घालायला नोंदणी क्रमांक लागतो. तो रकाना त्यांना रिकामा सोडता येत नाही."

"रकाना रिकामा सोडायचाच नसतो," मी म्हणालो. आपल्याखेरीज आणखी कुठेतरी शिस्त आहे हे ऐकून मला खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात रांगेतून मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, आवरा की! आम्हालाही कामं आहेत!" घड्याळजी बाजूला झाले.

चार दिवसांनी यंत्रांची देखभाल करणाऱ्या मॅडम आल्या. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, पाठीवर सॅक. त्यांनी खुर्ची ओढली, एफ टेन एकदा दाबलं आणि हसल्या. सरकारी यंत्रासमोर हसलेलं मला आवडत नाही.

"काका, बिघाड काहीच नाही. ही टर्मिनलची विंडो एफ टेन स्वतःच गिळतेय. तिला वाटतं तुम्हाला तिचा मेनू हवाय. तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत कळ पोचतच नाही. इथे सेटिंगमध्ये एक टिक आहे, ती काढायची. अर्ध्या मिनिटाचं काम."

त्यांनी सेटिंगचं पान उघडलं. चौकोनांची रांग, काही चौकोनांत टिक. त्यांचा हात माऊसकडे गेला आणि मी माझी जडसंग्रह नोंदवही माऊसवर ठेवली. ती पावणेदोन किलोची आहे.

इथे थोडं खुलाशाने सांगणं भाग आहे. कार्यालयातल्या टेबल-खुर्चीपासून टाचणीच्या डबीपर्यंत ज्या वस्तू वर्षानुवर्षं टिकायच्या, त्या सगळ्या जडसंग्रह नोंदवहीत नगानुसार लिहिलेल्या असतात. नवी यंत्रं आली तेव्हा वरून पत्र होतं, 'यंत्रासमवेत व यंत्रामध्ये जे जे प्राप्त होईल त्याची नगनिहाय नोंद घ्यावी.' यंत्रामध्ये! लोक पत्रं चाळतात, मी वाचतो. मी तीन दिवस बसून एकेक पान उघडलं आणि जे दिसलं ते मोजलं. पडदा एक, कळफलक एक, त्यावरच्या कळा एकशे चार, माऊस एक, पडद्यावरची चित्रं एकोणीस, आणि टिक, काळ्या रंगाची, सुस्थितीत, सत्तेचाळीस नग. खाली माझी सही, शेजारी साहेबांची सही. यंत्राच्या आतला जडसंग्रह लिहिणारं आमचं पहिलं कार्यालय, असं साहेबांनी वर कळवलंही होतं.

आता त्यातली एक काढली तर उरणार सेहेचाळीस. निवृत्तीच्या वेळी माझा जडसंग्रह मोजून घेणार, एक नग कमी भरला की 'काही येणे नाही' हा दाखला अडणार, आणि तो अडला की माझं पेन्शन अडणार. मी कोणाचं वाईट चिंतत नव्हतो. मी फक्त मोजत होतो.

प्रकरण साहेबांसमोर गेलं. साहेबांनी मॅडमना बसायला सांगितलं आणि चष्मा पुसला.

"काढल्यावर ती टिक जाते कुठे?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही, सर. चौकोन रिकामा होतो."

"म्हणजे गहाळ होते."

"गहाळ नाही हो. हवी तेव्हा परत लावता येते."

"परत लावलेली टिक ही तीच टिक आहे, अशी लेखी हमी तुम्ही द्याल?"

एवढं शिकून मॅडमना साधी एक हमी देता येईना.

"मग तिचं रीतसर निर्लेखन करावं लागेल," साहेब म्हणाले. निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करणं.

"साहेब, त्याला वस्तू निकामी असावी लागते," मी अदबीने म्हणालो. "ही टिक उत्तम चालते आहे. ती चालते आहे म्हणूनच तर एफ टेन चालत नाही."

साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तरीही निर्लेखनाचा प्रस्ताव तीन प्रतींत वर पाठवायचं ठरलं, कारण प्रस्ताव पाठवला की कार्यालय हातावर हात ठेवून बसलेलं दिसत नाही.

निघताना मॅडमना बाहेरच्या बाकावर घड्याळजी दिसले. त्यांच्याशी त्या काहीतरी बोलल्या आणि तरातरा परत आल्या. "काका, निदान हे तरी करा. या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. एस्केप दाबून लगेच शून्य दाबलं की तो एफ टेन समजतो. पण एका सेकंदाच्या आत दाबायचं. उशीर झाला तर तो नुसता एस्केप धरेल आणि नोंद रद्द करेल. समजलं ना?"

चौतीस वर्षांत मला न समजलेलं काही नाही. तात्पुरती व्यवस्था म्हणून साहेबांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. घड्याळजींना आत बोलावलं, नात तेव्हा पंधरा दिवसांची होती. मी पुन्हा सगळं भरलं, एस्केप दाबलं आणि शून्याकडे वळलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कळफलकावर शून्यं दोन आहेत. एक वरच्या रांगेत आणि एक उजवीकडच्या आकड्यांत. मॅडमनी कोणतं ते सांगितलं नव्हतं, आणि चुकीचं शून्य दाबण्याची सवय मला नाही. मी विचार केला.

पडद्यावर अक्षरं आली, 'नोंद रद्द करण्यात आली आहे.'

"रद्द म्हणजे?" घड्याळजींचा आवाज एकदम बारीक झाला. "भाऊसाहेब, ती घरी पाळण्यात रडतेय."

"तिच्या रडण्याला आमची काही हरकत नाही. फक्त जन्म रद्द झालाय."

"मग नवीन नोंद करा!"

"एकाच आईला एकाच दिवशी एकाच वेळी झालेलं दुसरं मूल प्रोग्रॅम घेत नाही. जुळं असल्याचा डॉक्टरांचा दाखला असेल तर आणा."

त्यांनी काही आणलं नाही. एफ नाइन व्यवस्थित चालत होतं, म्हणून मी त्यांना जन्म रद्द झाल्याचा दाखला छापून दिला, वर शिक्काही मारला. रिकाम्या हाताने माणूस परत पाठवणं माझ्या स्वभावात नाही.

रद्द झालेली नोंद जिवंत करता येते, तशी तरतूद आहे. एफ एट दाबून ती पुन्हा उघडायची आणि एफ टेन दाबून कायम करायची. एफ टेन नसल्यामुळे एस्केप आणि शून्य. पण त्यात पुन्हा उशीर झाला तर ती दुसऱ्यांदा रद्द होते आणि दोनदा रद्द झालेली नोंद कायमची बंद होते, मग ती देवालाही उघडता येत नाही. हे मी घड्याळजींना समजावलं. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. सांध्यांना सूज असलेली, चौतीस वर्षं लेखणी आणि शिक्के धरलेली माझी बोटं.

"भाऊसाहेब, तुम्हाला दोन कळांमध्ये नेमका किती वेळ लागतो?"

ते मोजायचं साधन कार्यालयात नव्हतं. त्यांच्या दुकानात होतं. साहेबांनी त्यांना 'गती-मापक (मानद)' म्हणून आत बसण्याचा आदेश काढला आणि माझ्या टेबलाशेजारी त्यांना एक खुर्ची मिळाली. सोमवारी ते सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ घेऊन आले. सराव कोऱ्या पडद्यावर करायचा, खऱ्या नोंदीला हात लावायचा नाही, असं ठरलं. मला एक पूर्णांक नऊ दशांश सेकंद लागत होते. साहेबांनी स्वतःची गती मोजू दिली नाही, त्यांच्या पदाच्या गतीबाबत वेगळे निकष आहेत.

घड्याळजींनी गंमत म्हणून स्वतःची बोटं लावून पाहिली. टक-टक. सेकंदाचा पाचवा हिस्सा.

"मग मीच दाबतो की," ते म्हणाले. "एकदाच. तुम्ही नोंद उघडून द्या."

"बाहेरच्या माणसाने नोंदीची कळ दाबणं नियमात बसत नाही."

"तुम्ही माझ्या बोटाला धरा आणि दाबा. म्हणजे तुम्हीच दाबल्यासारखं होईल."

हा मुद्दा मी वर विचारणा करण्यासाठी टिपून घेतला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तोपर्यंत बाकीचं शहर थांबून थोडंच राहणार? जन्म होत होते, लग्नं होत होती आणि माझी एक पूर्णांक नऊ दशांशाची बोटं त्यांच्यावरून फिरत होती. पहिल्या आठवड्यात अठरा जन्म, नऊ विवाह आणि सात मृत्यू रद्द झाले. एक मुलगा वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आला आणि मृत्यू रद्द झाल्याचा दाखला घेऊन खिडकीतच उभा राहिला. "म्हणजे आता बाबा कुठे आहेत?" असं त्याने मला विचारलं. मी त्याला चौकशी कक्ष दाखवला. उलट लग्नाच्या बाबतीत लोकांना व्यवस्था पसंत पडू लागली. घटस्फोटासाठी कोर्टात खेटे घालून ज्यांच्या नाकी नऊ आले होते अशी जोडपी जुन्या लग्नाच्या दाखल्याची प्रत मागायच्या निमित्ताने येत, मी त्यांची नोंद उघडली की नवरा खिडकीत वाकून हळूच म्हणे, "भाऊसाहेब, घाई नाही, सावकाश दाबा." त्याच वेळी बायकोही मान डोलवे. इतकं एकमत त्यांच्या संसारात पूर्वी कधी झालं नसावं.

घड्याळजी रोज दहाला येत. दुकान बंद ठेवून येत. सकाळी मला बोटांचे व्यायाम करायला लावत, कोमट पाण्याचं भांडं आणत, सांध्यांना घड्याळाचं तेल लावू का विचारत. दीड सेकंद झालं. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक दोन. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा, मग त्यांची सवय झाली. मधूनच ते नातीचं सांगत. "काल खुळखुळा वाजवला तर तोंड वळवलं बरोबर. पण डोळे भलतीकडेच. आवाज कुठून येतो ते कळतं पोरीला, कोण आलंय ते कळत नाही." असं सांगून झालं की ते घड्याळाची कळ दाबून म्हणत, "हं, पुन्हा."

आणि मागून रांग म्हणे, "आजोबा, तुमचं एकट्याचंच काम आहे का इथे? रोज काय तुमचं?"

निर्लेखनाच्या प्रस्तावाला पंधरा दिवसांत उत्तर आलं. आमच्या खात्यात हा वेग विक्रमी आहे. 'सदर टिक तपासणीस्तव सीलबंद पाकिटातून सादर करावी.' साहेबांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, पडद्याचं चित्र छापलं, टिकेभोवती लाल वर्तुळ काढलं आणि पाकीट गेलं. आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं. 'पाकिटात कागद आढळला. टिक आढळली नाही. वाहतुकीत गहाळ झाली असल्यास जबाबदारी निश्चित करून कळवावे.' आम्ही घाईघाईने पडद्यावर मोजलं. सत्तेचाळीस होत्या. माझ्या जिवात जीव आला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्या पाया पडते. मला अर्धं मिनिट द्या. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार सचोटीचं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती ताटात वाढत होती, वाढता वाढता थांबली.

"अहो, एक टिक तर काढायची ना? मग काढा की."

"तुला कळत नाही. तीनच महिने राहिलेत. दगडाखाली हात आहे माझा."

"आपल्या नातीचे डोळे असते तर?"

"आपल्या नातीची नोंद जुन्या यंत्रावर झालेली आहे," मी म्हणालो. तिने भांडं तसंच खाली ठेवलं आणि आत गेली. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला खरं तर राग यायला हवा होता. पण आली ती लाज, आणि लाजेचं काय करायचं याचं परिपत्रक नाही.

एकेचाळिसावा दिवस उजाडला. दवाखान्याने सांगितलं होतं, आज दुपारी चारपर्यंत क्रमांक आला तर उद्या सकाळी ऑपरेशन, नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी. घड्याळजींनी सकाळी माझी गती वीस वेळा मोजली. एक पूर्णांक एक. एक पूर्णांक शून्य पाच. एकदा तर नव्याण्णव शतांश. पुढच्याच वेळी एक पूर्णांक चार. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"नको भाऊसाहेब. अशा बोटांवर मी पोरीचे डोळे नाही लावणार," ते म्हणाले. ते रागावले नव्हते. मला वाटतं, माणूस हिशेब करून थकतो तसे ते थकले होते.

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेले. मी डबा उघडला आणि माझ्या लक्षात आलं की चष्मा टेबलावरच राहिला. परत आलो तर घड्याळजी माझ्या खुर्चीत बसलेले. एका डोळ्याला भिंग, नाक जवळपास पडद्याला टेकलेलं, हातात माऊस. सेटिंगचं पान उघडं होतं. मॅडमनी ते त्यांच्यासमोर दोनदा उघडलं होतं आणि घड्याळजींच्या नजरेखालून गेलेला स्क्रू ते विसरत नाहीत.

मी दारात उभा राहिलो. ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. त्यांनी माऊस हळूहळू सरकवला, श्वास रोखला आणि दाबला. चौकोन रिकामा झाला. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, अर्धं मिनिट. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतलं हे अर्धं मिनिट कुठल्याही नोंदवहीत नाही.

मग त्यांनी वळून मला पाहिलं. दचकले नाहीत. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बाहेरच्या माणसाने कळ दाबायची नाही ना? या. तुम्हीच दाबा."

मी बसलो. एफ एट. नोंद उघडली. एफ टेन. यादी लोंबली नाही, काही नाही, नुसता क्रमांक आला, आठ आकड्यांचा, हिरवा. एफ नाइन. कागद निघाला. घड्याळजींनी तो घडी न करता दोन्ही हातांत धरला आणि धावत गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस जिना धावत उतरताना मी पहिल्यांदा ऐकला.

अडीच वाजता जडसंग्रह सेहेचाळीस भरत होता. पावणेतीनला मी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. 'एक नग टिक, काळ्या रंगाची, सुस्थितीतील, जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातून चोरीस गेली असून मानद गती-मापक यांच्यावर संशय आहे.' तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. अर्धं मिनिट माझं होतं, ते मी दिलं. पेन्शन बायकोचंही आहे.

घड्याळजींना नोटीस गेली. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी ते हजर झाले, दाढी वाढलेली, चेहरा मात्र हसरा. साहेबांनी विचारलं, "टिक तुम्ही काढलीत?"

"हो."

"कुठे आहे?"

घड्याळजींनी खिशातून एक काडेपेटीएवढी डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. आत कापसावर मुंगीएवढं काहीतरी काळं होतं. मला तरी तो मनगटी घड्याळाचा मोडलेला काटा वाटला, मध्ये वाकवलेला. साहेबांनी त्यांचंच भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हीच," साहेब म्हणाले. "वळण तेच आहे."

पोच दिली गेली. 'एक नग टिक, सुस्थितीत, परत प्राप्त.' डबी लाखेने सील करून तिजोरीत गेली. घड्याळजींना सक्त ताकीद मिळाली आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढायची कायमची बंदी. आता हे इथे संपलं असतं तर एफ टेन चालू राहिलं असतं. पण साहेब काटेकोर. त्यांनी शेरा मारला, 'चोरीपूर्व स्थिती तात्काळ पूर्ववत करावी.' मॅडमनी लेखी नकार दिला आणि नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी शेरा वाचला, चौकोनात टिक लावली आणि सही केली. अर्धं मिनिट. एफ टेन पुन्हा बंद.

पडद्यावर सत्तेचाळीस आणि तिजोरीत एक, मिळून अठ्ठेचाळीस झाल्या. वस्तू कमी भरण्याबद्दल आमच्याकडे बारा नियम आहेत, जास्त भरण्याबद्दल एकही नाही. उलट जडसंग्रहात वाढ केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'काही येणे नाही' दाखला मिळाला, पेन्शन सुरू झालं, आणि एस्केप-शून्याचा सराव असलेला एकमेव कर्मचारी म्हणून त्याच खिडकीत मला कंत्राटावर परत घेतलं. फक्त गती मोजायला आता कोणी नाही. सराव सुटला. परवा अंदाजाने मोजलं तर पुन्हा दोन सेकंदांच्या आसपास.

गेल्या आठवड्यात घड्याळजी खिडकीसमोरच्या फुटपाथवरून चालले होते. पायऱ्या चढायला बंदी आहे, फुटपाथवर नाही. कडेवर नात. नाकावर जाडजूड भिंगांचा इवलासा चष्मा, मागे दोरीने बांधलेला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं आणि तिने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. भलतीकडे नाही, माझ्याकडेच. मीच नजर खाली घातली आणि नसलेले कागद नीट केले.

असो. पुढचे कोण? या. अरे, तुम्ही! आवाजावरून ओळखलं मी. महिनाभर घड्याळजींच्या मागे उभे होतात ना तुम्ही? 'आजोबा, आवरा की' म्हणणारे तुम्हीच. टिक कुठे आहे आणि काढायला किती वेळ लागतो हे मॅडम माझ्या टेबलाशी सांगत होत्या, ते खिडकीबाहेर तुम्हालाही स्वच्छ ऐकू येत होतं. पण तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. चांगलं केलंत, रांगेतल्या माणसाने आपल्यापुरतं पाहावं. हं, नाव सांगा. जन्मतारीख? थांबा... ही बघा, उघडली तुमची नोंद. एस्केप दाबलंय मी. आता शून्य... वरचं की उजवीकडचं?